मेणाचा लिनन की पॉलिएस्टर?

चामड्याच्या हातशिवणीत कातड्याची जेवढी चौकशी होते, तेवढी दोऱ्याची होत नाही. खरं तर वस्तू आधी उसवते ती टाक्यापाशीच.

लिननचा दोरा जवसाच्या धाग्याचा. मेणाच्या वडीवरून दोन-तीनदा ओढला की तो टाक्यात घट्ट बसतो, निसटत नाही. दिसायलाही सुरेख, किंचित खडबडीत. शेवटी दोन-तीन टाके उलटे घालून दोरा कातड्यालगत कापला की काम झालं. पण सतत ओल लागली की तो कुजतो. घामात भिजणाऱ्या पट्ट्याला म्हणून मी तो वापरणार नाही.

पॉलिएस्टर ओलीला दाद देत नाही आणि त्याच जाडीत जास्त ताण सोसतो. टोकं लायटरने वितळवून दाबता येतात. मात्र इथेच घाई नडते: ज्योत जरा जास्त जवळ गेली की फिकट कातड्यावर काळा डाग उमटतो, आणि तो जात नाही. शिवाय मऊ कातड्यात टाका फार करकचून ओढला तर हा चिवट दोरा भोकाची कड कापत जातो.

जाडीचा हिशेब दोन्हींना सारखाच. पाकिटाला साधारण ०.६ मिलिमीटर, पट्ट्याला किंवा बॅगेला ०.८ ते १. दोन सुयांच्या शिवणीसाठी, म्हणजे एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई ओवून शिवताना, शिवणीच्या निदान चौपट लांब दोरा घ्यावा. कातडं जाड असेल तर आणखी.

नवशिक्याने पॉलिएस्टरच घ्यावा, उसवून पुन्हा शिवताना तो तुटत नाही. पाकीट, वहीचं वेष्टण अशा कोरड्या वस्तूंना मात्र माझं मत लिननलाच.