स्कोडा येती ४×४ खाली बसवली: ३० मिमी, ११ महिने आणि खान्देशातले रस्ते

गाडी २.० टीडीआय (डिझेल), मॅन्युअल, टायर २२५/५० आर१७. काम दोन टप्प्यांत झालं. पहिले ३ महिने फक्त ३० मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंग, मूळच्याच शॉकअपवर. पुढचे ८ महिने त्याच स्प्रिंग, पण सोबत आखूड शॉकअप, नवे बंप रबर (शॉकअप पूर्ण दबला की टेकणारं रबर) आणि पुढचे नवे टॉप माउंट (शॉकअपला वर बॉडीशी धरणारा भाग). एकूण १६,००० किमीच्या आसपास. भुसावळ, चोपडा, धुळे-शिरपूर हे नेहमीचे रस्ते, अधूनमधून चाळीसगावहून कन्नड घाट, आणि तोरणमाळची एक फेरी.

येतीच का, तर तिला खाली यायला जागा आहे. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स १८० मिमी. ३० गेले तरी १५० उरतात. आधीच १४० वर असलेल्या सेडानला ३० मिमी खाली आणलं, तर आपल्याकडच्या गावातल्या गतिरोधकावर इंजिनखालचं चेंबर घासणारच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. त्यावरून ही गाडी चौघं बसलेली असतानाही न घासता जाते. पण गावाच्या वेशीवर जो आखूड, उभा उंचवटा टाकतात, त्याला कुठलंच माप नसतं. येतीचा व्हीलबेस २५७८ मिमी, म्हणजे पुढची चाकं उतरल्यावर मागची चढेपर्यंत पोट बराच वेळ त्या उंचवट्यावर राहतं. तिथे तिरकं घेणं आलंच.

स्प्रिंग-शॉकअपचा किट निवडताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, ‘किती मिमी खाली जाईल?’ खरं बघायचं ते शॉकअपला वर जायला किती जागा उरते. गाडी ३० मिमी बसली की चाकाचा वरच्या दिशेचा प्रवास तेवढाच कमी होतो, आणि रस्ता तर तोच राहतो. उरलेली जागा संपली की बंप रबर लागतं, तिथे एकूण कडकपणा एकदम वाढतो आणि गाडी खड्ड्यातून उसळते. फक्त स्प्रिंग बदललेल्या गाड्या ‘कडक’ वाटतात, त्यात स्प्रिंगचा दोष फार थोडा असतो. खरा मार बंप रबरचा.

हे तपासायला मशीन लागत नाही. शॉकअपच्या दांड्यावर धुळीचं बूट वर सरकवून एक बारीक झिप टाय घट्ट बांधायचा, तो तळाशी सिलिंडरला टेकवायचा आणि नेहमीच्या रस्त्यावर २० किमी फिरून यायचं. झिप टाय दांड्यावर जिथे अडकून राहतो, तिथपर्यंत शॉकअप दबला. पहिल्या टप्प्यात मागे तो थेट बंप रबरला चिकटून बसला होता, आणि तेही चोपड्याच्या साध्या डांबरी रस्त्यावर, दोनच माणसं असताना. आखूड शॉकअप आणि त्यांचे आखूड बंप रबर बसवल्यावर त्याच रस्त्यावर बोटभर जागा शिल्लक राहिली. ११ महिन्यांतला सगळ्यात उपयोगी आकडा हाच.

म्हणून माझं मत ठाम आहे: एकट्या स्प्रिंग घेऊ नका. जुन्या शॉकअपचा दांडा कायम ठरल्यापेक्षा जास्त आत दबलेला राहतो, त्याचा पिस्टन सिलिंडरच्या अशा भागात काम करतो जिथे तो आधी क्वचित जायचा, आणि सील लवकर जातं. इथे तिसऱ्या महिन्यातच मागचा डावा शॉकअप तेलाने ओला झाला. घेताना ‘आखूड’ हा शब्द नीट तपासा. बिलस्टाइनचं उदाहरण घ्या: बी६ मूळ उंचीसाठी आहे, बी८ आखूड, खाली आणणाऱ्या स्प्रिंगसाठी. दुकानदार दोन्ही ‘बिलस्टाइन’ म्हणूनच दाखवतो. केडब्ल्यूच्या कॉइलओव्हरमध्ये (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, आट्यांवरची कॉलर फिरवून उंची बदलणारे) व्ही१ ला डॅम्पिंग, म्हणजे हालचाल रोखण्याची ताकद, बदलता येत नाही, व्ही२ ला रिबाउंड (शॉकअप उघडतानाचं) बदलता येतं, व्ही३ ला रिबाउंड आणि कॉम्प्रेशन (दबतानाचं) दोन्ही.

कॉइलओव्हर इथे मुद्दाम टाळले. उंची बदलता येणं चांगलंच, पण काळ्या मातीचा चिखल आट्यांत भरतो, उन्हात विटेसारखा वाळतो आणि वर्षभराने पाना लावला तर कॉलर हलत नाही. स्टेनलेसची बॉडी असेल तरच विचार करा. पावसाळा संपला की ब्रशने आटे धुवायचे आणि कोरडं वंगण लावायचं. ग्रीस नको, त्यावर धूळ बसते.

आता ४×४ चा भाग, जिथे सर्वात जास्त चुका होतात. येतीच्या फक्त पुढची चाकं ओढणाऱ्या मॉडेलचा किट दिसायला सारखा असतो, पण ४×४ च्या मागच्या भागात हॅल्डेक्स (मागच्या चाकांना ताकद देणारा क्लच), डिफरन्शियल आणि चाकं फिरवणारे दोन एक्सल यांचं वजन जास्त. टू व्हील ड्राइव्हची स्प्रिंग लावली तर मागची बाजू ठरल्यापेक्षा जास्त बसते आणि डिकीत सामान टाकलं की टेकते. जर्मन किट एक्सलवर येणाऱ्या वजनावर ठरतात, गाडीच्या नावावर नाही. गाडीवरच्या निर्मात्याच्या पट्टीवर ‘१-’ आणि ‘२-’ समोर किलोत आकडे असतात, पुढच्या आणि मागच्या एक्सलची कमाल मर्यादा. तेच किटच्या कागदाशी ताडून पाहायचे. डिझेल इंजिनही जड, त्यामुळे पेट्रोलसाठीची पुढची स्प्रिंग चालत नाही.

५० मिमीपेक्षा जास्त खाली जाऊच नका. या गाडीच्या सांगाड्यावर तेवढं खाली गेलं की स्टॅबिलायझर बार (वळणात गाडी रेलू न देणारी आडवी सळई) पुढच्या एक्सलला लागायला लागतो, आणि एक्सलचे आतले जॉइंट सतत टोकाच्या कोनात फिरतात.

फिटिंग. पुढे वायपर आणि काचेखालचं प्लॅस्टिक काढल्याशिवाय टॉप माउंटचे तीन बोल्ट दिसत नाहीत. स्ट्रट (पुढचा स्प्रिंग-शॉकअपचा जोड) खाली नकलमध्ये (चाक धरणारा लोखंडी भाग) घट्ट बसलेला असतो; खाचेत स्प्रेडर घालून ९०° फिरवला की तो सुटतो. छिन्नी ठोकू नका, नकलला तडा जाऊ शकतो. नकल खाली ओढताना एक्सल ताणला जाऊ देऊ नका, आतला जॉइंट सुटतो. स्ट्रटचा आडवा बोल्ट नवा घ्या, ७० न्यूटन-मीटरला आवळून वर आणखी ९०° फिरवा. स्टॅबिलायझर बारला जोडणाऱ्या लिंक रॉडचा नट ६५, शॉकअपच्या दांड्याचा वरचा नट ६०, मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट १८०. स्प्रिंगचं टोक बैठकीच्या आडाला बरोबर टेकलेलं हवं. नसेल तर जागेवर स्टिअरिंग फिरवताना ‘टंग्’ असा आवाज येतो आणि लोक उगाच स्टिअरिंग रॅक उघडतात. टॉप माउंटचं बेअरिंग जुनं ठेवून पैसे वाचवू नका, मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.

दुसऱ्या टप्प्यात एक घोळ झाला. गाडी उतरवल्यावर मागची डावी बाजू उजवीपेक्षा ८ मिमी उंच. गॅरेजने स्प्रिंगवर संशय घेतला, स्प्रिंगची अदलाबदल केली, फरक डावीकडेच राहिला. कारण साधं होतं: डाव्या आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) बोल्ट चाक लटकत असताना पूर्ण आवळले होते. आर्मच्या सांध्यातल्या बुशचं रबर लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. लटकत्या स्थितीत आवळलं की गाडी जमिनीवर आल्यावर ते पिळलेलंच राहतं, स्वतः स्प्रिंगसारखं गाडीला वर धरतं आणि पुढे काही महिन्यांत फाटतं. उपाय: बोल्ट सैल करायचे, आर्मखाली जॅक लावून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर गाडी उभी असतानाच्या मापाइतकं आणायचं आणि मगच आवळायचं. १५ मिनिटांत डावी-उजवी सारखी झाली. मापही नेहमी असंच, चाकाच्या मध्यापासून घ्या. जमिनीपासून घेतलं तर टायरची हवा त्यात मिसळते.

नव्या स्प्रिंग पहिल्या दिवशी २४ मिमीच बसल्या होत्या. १,५०० किमीनंतर २९. म्हणून अलाइनमेंट दोनदा करावं लागतं, एकदा लगेच आणि एकदा स्प्रिंग सेट झाल्यावर. मागचा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा तिरकेपणा) −२° च्या जवळ गेला होता, फिरवून कोन बदलणाऱ्या एक्सेंट्रिक बोल्टवर −१°३०′ पर्यंत आणला. हे बोल्ट गंजून अडकलेले असतात, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पुढे कॅम्बरला कारखान्याची सोय नाही, सबफ्रेम (इंजिनखालची चौकट) सरकवून फक्त डावं-उजवं सारखं करता येतं. टायरची आतली कड खाल्ली जाते ती कॅम्बरपेक्षा चुकलेल्या टोमुळे (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं). ४×४ मध्ये हा खर्च दुप्पट: दोन टायर झिजले आणि दोन तसेच राहिले की घेर बदलतो, हॅल्डेक्सचा क्लच सरळ रस्त्यावरही घसरत राहतो. दर ८,००० किमीला चाकांच्या जागा बदलून घ्यायच्या आणि खोलीमापकाने आत, मध्ये, बाहेर अशी तीन मापं लिहून ठेवायची. चारही टायरमधला फरक २ मिमीच्या आत ठेवलाय.

झेनॉन दिवे असतील तर मागच्या डाव्या आर्मवरच्या उंचीच्या सेन्सरची कांडी आधी सोडा, नंतर स्कॅनरने दिव्यांचं मूळ सेटिंग पुन्हा घ्या. नाहीतर प्रकाश नाकासमोर पडतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवून ठेवा.

चालवायला कशी? धुळे-शिरपूरला उंच ट्रेलर शेजारून गेल्यावर जो डोलारा हलायचा, तो जवळजवळ गेला. कन्नड घाटात उतरताना ब्रेकवर नाक कमी झुकतं, वळणात बाहेरच्या चाकावर रेलणं कमी झालं. काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात, त्यामुळे डांबरात लाटा उठतात. अशा लाटांवर ७० च्या वर जुने शॉकअप दोन-तीन डुलक्या घ्यायचे, नवे एकाच हालचालीत सावरतात. मे महिन्यात दुपारी रस्ता तापलेला असताना तासभर खराब रस्त्यावर पळवूनही शॉकअपची पकड ढिली पडली नाही. हे नव्या शॉकअपच्या मोनोट्यूब रचनेचं देणं, एकाच नळीत गॅस आणि तेल वेगळं असल्याने तेलाला फेस येत नाही. तोटा लहान, तीक्ष्ण धक्क्यांत: पुलाचे सांधे, रंबल पट्ट्या हातात जाणवतात, मागच्या सीटवर तर जास्तच. पाच माणसं आणि डिकीत आसोद्याच्या भरिताच्या वांग्यांची दोन पोती असली की मागचा झिप टाय पुन्हा बंप रबरला भिडतो.

पावसाळ्यानंतर मागच्या स्प्रिंगचा खालचा वेढा आणि रबरी बैठक यांच्यामध्ये वाळू सापडली, वेढ्यावरचा रंग नखाएवढा उडालेला. तिथून गंज धरतो आणि स्प्रिंग तिथेच मोडते. बैठक काढून धुतली, जागा घासून झिंक प्रायमर लावला. दिवाळीआधी हे एक काम दरवर्षी करायचं, आणि त्याच वेळी पुढच्या लिंक रॉडचे नट पुन्हा ६५ वर तपासायचे. पुढचा उजवा पाव आटा सैल निघाला होता.