एकच बटण, चार टूलकिट: पायथनच्या डेस्कटॉप प्रोग्रामसाठी काय घ्यावं?

दुकानाच्या काउंटरवर चालणारा छोटा बिलिंग प्रोग्राम धरा. त्यात एक बटण हवंय: ‘बिल प्रिंट करा’. पार्श्वभूमी हिरवी, अक्षरं पांढरी, कोपरे जरा गोल. माउस वर आला की रंग गडद व्हावा आणि प्रिंट चालू असताना बटण राखाडी होऊन बंद राहावं. मागणी एवढीच. पायथनमध्ये ती पुरी करायला नेहमीचे चार टूलकिट, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायचे तयार संच, आहेत: टीकिंटरचं जुनं साधं बटण, टीकिंटरमधलंच टीटीके बटण, टीकिंटरवर बसवलेलं कस्टमटीकिंटर, आणि क्यूट या वेगळ्या, मोठ्या टूलकिटवर उभं असलेलं पायसाइड ६.

बटण पडद्यावर आणायला चारही ठिकाणी दोन-तीन ओळी पुरतात. फरक दिसतो तो रंग द्यायला गेल्यावर. म्हणून निवडीआधी एकच गोष्ट विचारायची: हे बटण रंगवतं कोण? ऑपरेटिंग सिस्टीम रंगवत असेल, तर तुमचा रंग ती ऐकेलच असं नाही. टूलकिट स्वतः रंगवत असेल, तर ऐकेल. पण मग प्रत्येक अवस्थेचा रंग तुम्हालाच सांगावा लागेल. (पर्यायांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, कोडमध्ये ती रोमनमध्ये, लहान-मोठ्या अक्षरांसकट जशीच्या तशी लागतात.)

टीकिंटरचं साधं बटण

पायथनसोबत येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. अपवाद डेबियन, उबुंटूसारख्या काही लिनक्सचा. तिथे टीकेचं (टीकिंटर ज्या मूळ लायब्ररीवर चालतं तिचं) पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. बटणाला ‘टेक्स्ट’, ‘कमांड’, ‘बीजी’ (पार्श्वभूमीचा रंग), ‘एफजी’ (अक्षरांचा रंग) दिलं, ‘रिलीफ’ फ्लॅट केलं, ‘पॅडएक्स’ १६ आणि ‘पॅडवाय’ ८ ठेवलं की विंडोज आणि लिनक्सवर हिरवं बटण तयार. मॅकवर मात्र हाच कोड चालवला तर बटण पांढरं-राखाडीच राहतं. तिथे बटणाचा चेहरा सिस्टीम रंगवते, ‘बीजी’कडे बघतही नाही. फार तर भोवतीची कड रंगते. ही तुमची चूक नाही, आणि हाच पर्याय वापरून ती सुटतही नाही.

माउस वर आल्यावरच्या रंगाचीही गंमत आहे. ‘ॲक्टिव्हबॅकग्राउंड’ दिलं की लिनक्सवर नुसता माउस नेला तरी रंग बदलतो. विंडोजवर बटण दाबल्यावरच बदलतो. विंडोजवर हवा असेल तर एंटर आणि लीव्ह या दोन घटनांना फंक्शन बांधावं लागतं. त्या फंक्शनात बटण बंद आहे का ते आधी तपासा, कारण बंद बटणावरही या घटना येतात आणि राखाडी बटण माउसखाली परत हिरवं होऊन बसतं. गोल कोपरे मात्र इथे मिळत नाहीत. ज्यांना हवेत ते गोल कोपऱ्यांचं चित्र बटणावर चिकटवतात. ते चित्र फंक्शनातल्या स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवलं, तर फंक्शन संपताच पायथन ते पुसून टाकतं आणि बटण कोरं दिसतं. चित्राचा संदर्भ बटणावर किंवा क्लासमध्ये धरून ठेवला की काम झालं.

टीटीके: नीटस दिसतं, पण अटी फार

टीकेच्या ८.५ आवृत्तीपासून, म्हणजे २००७ पासून टीटीके आहे. इथे रंग आणि फॉन्ट बटणाला थेट देता येत नाहीत. ‘बीजी’ दिलात की ‘अननोन ऑप्शन’ म्हणून प्रोग्राम थांबतो. आधी स्टाइल करायची, तिला नाव द्यायचं आणि ते नाव बटणाला सांगायचं. नावाचा शेवट ‘.टीबटन’ असाच हवा, जसं ‘हिरवं.टीबटन’. शेपूट विसरलं तर ‘लेआउट सापडला नाही’ अशी चूक येते आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

त्याहून मोठी अट थीमची. विंडोजवर मूळ थीम ‘व्हिस्टा’; तिच्यात बटण विंडोजच रंगवतं, त्यामुळे ‘बॅकग्राउंड’ दिलं तरी मधला भाग तसाच राहतो आणि कडेला हिरवी रेघ तेवढी दिसते. मॅकच्या ‘ॲक्वा’ थीमचंही हेच. उपाय म्हणजे ‘क्लॅम’ थीम, जी टीके स्वतः काढतं. पण थीम एका बटणापुरती बदलत नाही, सगळा प्रोग्राम तिच्यात जातो. म्हणून हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा. वीस खिडक्या झाल्यावर घेतलात तर वीसही पुन्हा बघाव्या लागतील.

क्लॅम लावून बॅकग्राउंड हिरवं, फोरग्राउंड पांढरं केलं. छान दिसतंय. आता माउस वर न्या: बटण जवळजवळ पांढरं होतं आणि पांढरी अक्षरं त्यात बुडतात. कारण क्लॅममध्ये ‘माउस वर असताना फिकट’ हा नियम आधीच लिहिलेला आहे, आणि नुसत्या ‘कन्फिगर’ने तो हटत नाही. ‘मॅप’ वापरून बॅकग्राउंडची यादी द्यावी लागते: डिसेबल्ड असताना राखाडी, प्रेस्ड असताना सर्वांत गडद, ॲक्टिव्ह असताना जरा गडद. क्रम याच पद्धतीने, कारण टीटीके यादी वरून वाचतं आणि पहिली जुळणारी अवस्था उचलतं. ॲक्टिव्ह वर ठेवलीत तर प्रेस्डचा रंग कधीच दिसणार नाही, कारण दाबताना माउस बटणावर असतोच.

आणखी एक सापळा: टीकिंटर आणि टीटीके दोन्ही ‘सगळं आयात करा’ पद्धतीने आणले, तर नंतर आलेलं ‘बटन’ आधीच्या ‘बटन’ला झाकतं. मग जुन्या बटणांचे ‘बीजी’ अचानक चुका देऊ लागतात. दोघांना वेगळ्या नावाने आयात करणं बरं.

कस्टमटीकिंटर: दिसायला सर्वांत झटपट

इथे बटण टीकेच्या कॅनव्हासवर काढलेलं असतं, म्हणून विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे एकसारखं दिसतं. ‘कॉर्नर_रेडियस’ ८, ‘एफजी_कलर’ हिरवा, ‘हॉवर_कलर’ गडद हिरवा, बस. नाव फसवं आहे: ‘एफजी_कलर’ म्हणजे अक्षरांचा नव्हे, बटणाच्या अंगाचा रंग, अक्षरांसाठी ‘टेक्स्ट_कलर’. काहीच न सांगता बटण १४० बाय २८ चं येतं. विंडोजवर १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग असेल तर टीकिंटरची खिडकी धूसर दिसते आणि त्यासाठी सुरुवातीलाच एक सिस्टीम कॉल करावा लागतो. इथे ते काम लायब्ररी स्वतः करते.

दिसण्याच्या बदल्यात काही गोष्टी जातात. बटण बंद केलं की अक्षरांचा रंग बदलतो, अंगाचा नाही. राखाडी हवं असेल तर ‘एफजी_कलर’ही स्वतः बदला आणि नंतर परत लावा. टॅब दाबत बटणावर येऊन स्पेसबारने ते दाबायची साध्या बटणातली सोय इथे आयती नाही. दिवसभर कीबोर्डवर हात असलेल्या कॅशियरसाठी ही लहान गोष्ट नव्हे. पायइन्स्टॉलरने एक्झी (पायथन नसलेल्या मशीनवरही चालणारी फाइल) बनवताना थीमच्या जेसन फायली सोबत जाताहेत ना, तेही बघा. त्या राहिल्या तर तुमच्या मशीनवर चालणारा प्रोग्राम दुसऱ्याकडे उघडतच नाही.

पायसाइड ६

क्यूटमध्ये बटणाची सजावट स्टाइलशीटने होते आणि ती वेबच्या सीएसएससारखी वाचता येते. वेबचं काम केलेल्या माणसाला इथे घरी आल्यासारखं वाटतं. तिथेच तो दोन-तीनदा ठेचकाळतो. पहिली ठेच: नुसतं ‘बॅकग्राउंड-कलर’ लिहिलं आणि रंग आलाच नाही. कारण सिस्टीमची किनार त्या रंगावर बसते. ‘बॉर्डर’ काहीही लिहा, अगदी ‘नन’ लिहा, रंग दिसू लागतो. पण त्या क्षणी सिस्टीमचं रंगकाम बंद होतं आणि हॉवर (माउस वर), प्रेस्ड (दाबलेलं), डिसेबल्ड (बंद), फोकस (टॅबने निवडलेलं) सगळं तुमच्या अंगावर येतं.

नियमांचा क्रम टीटीकेच्या उलट. सारख्याच वजनाचे दोन नियम लागू पडले तर इथे शेवटचा जिंकतो. म्हणून आधी साधा, मग हॉवर, मग प्रेस्ड आणि सर्वांत खाली डिसेबल्ड. टीटीकेतून क्यूटकडे येणाऱ्याचा हा हमखास चुकणारा भाग.

गोल कोपऱ्यांना ‘बॉर्डर-रेडियस’ आहे. पूर्ण गोलाकार टोकं हवीत म्हणून वेबच्या सवयीने ९९९ लिहिलं, तर क्यूट कोपरे एकदम चौकोनी करून टाकतं. त्रिज्या उंचीच्या निम्म्याहून जास्त नको: ३६ पिक्सेल उंच बटणाला १८ पर्यंत. फोकसच्या वेळी २ पिक्सेलची किनार दाखवायची असेल, तर साध्या अवस्थेतही बटणाच्याच रंगाची २ पिक्सेलची किनार ठेवा, नाहीतर टॅब दाबला की आतली अक्षरं हलतात. वेबची सावली आणि ट्रान्झिशन इथे चालत नाहीत. त्यासाठी वेगळे क्लास आहेत. खिडकीला स्टाइल देताना ती कोणत्या घटकाला लागू हे (सिलेक्टर) न लिहिता नुसता रंग लिहिला, तर तो आतल्या प्रत्येक बटणात झिरपतो.

काउंटरवरचा खास धोका डायलॉगमध्ये आहे. क्यूटच्या डायलॉगमधलं बटण आपोआप ‘ऑटोडिफॉल्ट’ असतं, म्हणजे शेजारच्या रकान्यात एंटर दाबलं तरी ते दाबलं जाऊ शकतं. बारकोड स्कॅनर बहुधा कोडनंतर एंटर पाठवतो. पहिली वस्तू स्कॅन केली आणि बिल छापून बाहेर! ‘सेटऑटोडिफॉल्ट’ला फॉल्स द्या.

वजनाचं बोलायचं तर टीकिंटरच्या मानाने क्यूट फारच मोठं. फक्त खिडक्या-बटणं हवी असतील तर ‘पायसाइड६-इसेन्शियल्स’ पुरतं; पूर्ण पॅकेज घेऊ नका. परवान्याचंही बघा: पायसाइड एलजीपीएल या सैल मुक्त परवान्याखाली आहे, तर दिसायला जुळं असलेलं पायक्यूट ६ जीपीएल (प्रोग्रामसोबत सोर्सही द्यायला लावणारा परवाना) किंवा विकतच्या परवान्याखाली. सोर्स न देता प्रोग्राम विकायचा असेल तर पायसाइड सोयीचं.

मराठी अक्षरं कोण काढतं?

रंगाचा प्रश्न अक्षरांनाही लागू आहे, आणि मराठी प्रोग्रामसाठी खरा निकाल इथेच लागतो. लिनक्सवर टीके ८.६ अक्षरांची जुळणी करत नाही, कोडमधल्या क्रमाने एकेक चिन्ह मांडत जातं. ‘बिल’मधली वेलांटी ब च्या उजवीकडे जाऊन बसते, ‘प्रिंट’मधला प्र फुटून प, पाय मोडल्याची खूण आणि र असा सुटा दिसतो. फॉन्ट बदलून हे जात नाही. टीटीके आणि कस्टमटीकिंटरही टीकेवरच उभी असल्याने त्यांचंही तेच. विंडोज आणि मॅकवर जुळणी सिस्टीम करते, म्हणून तिथे सगळं ठीक. क्यूट हे काम स्वतःसोबतच्या हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीकडून करून घेतं. तिन्हीकडे ‘प्रिंट’ नीट.

रुंदीचंही तसंच. टीकिंटरमध्ये मजकुराच्या बटणाची ‘विड्थ’ पिक्सेलमध्ये नाही, शून्य या आकड्याच्या रुंदीत मोजतात. इंग्रजी लेबल मोजून ठरवलेला १० हा आकडा ‘विद्यार्थी यादी’ला कापू शकतो. टीटीकेत ऋण आकडा दिला तर ती किमान रुंदी ठरते आणि बटण मजकुराप्रमाणे वाढतं. मराठीसाठी हेच वापरा. उंची पक्की करू नका. रफार, वेलांटी वर जातात, उकार खाली येतो, आणि इंग्रजीला पुरेल अशा २४ पिक्सेलच्या उंचीत यातलं काहीतरी छाटलं जातं. वर-खाली ८ पिक्सेलचं पॅडिंग द्या. विंडोजवर निर्मला यूआय फॉन्ट नाव घेऊन सांगितलेला बरा.

मग घ्यायचं काय?

लिनक्सवर मराठी लेबलं दिसायची असतील तर पायसाइड. बाकी चर्चा तिथेच थांबते. विंडोजवर चालणारं, दोन-चार खिडक्यांचं, स्वतःच्या ऑफिसपुरतं साधन असेल तर क्लॅम थीमचं टीटीके घ्या: हलकं आहे, टॅब-स्पेस चालतं आणि चार नियम लिहिले की रंगही मिळतो. कोपरे मात्र चौकोनी राहतील, आणि काउंटरवर त्याने काही अडत नाही. ग्राहकाला दाखवायचा देखणा नमुना दोन दिवसांत हवा असेल तर कस्टमटीकिंटर. साधं टीकिंटर बटण शिकण्यापुरतं ठीक. मॅक यादीत असेल तर रंगीत बटणासाठी ते घेऊच नका. डब्ल्यूएक्सपायथन या यादीत नाही, कारण तिथे बटण सिस्टीमचंच असतं. सिस्टीमसारखंच दिसावं असं वाटणाऱ्यांना ते आवडेल, हिरवं हवं असणाऱ्यांना नाही.

‘प्रिंट चालू असताना बंद’ ही मागणी राहिली, आणि ती चारही ठिकाणी सारखीच चुकते. फंक्शनच्या सुरुवातीला बटण बंद केलं, मग प्रिंटचं पाच सेकंदांचं काम, शेवटी बटण चालू. एक तर बटण राखाडी दिसतच नाही, कारण काम संपेपर्यंत खिडकीला स्वतःला रंगवायला सवडच मिळत नाही. दुसरं म्हणजे त्या पाच सेकंदांत ग्राहकाच्या घाईने कॅशियरने पुन्हा दाबलेलं क्लिक रांगेत थांबतं. फंक्शन संपतं तोवर बटण चालू झालेलं असतं, ते क्लिक त्याला मिळतं आणि दुसरं बिल छापलं जातं. प्रिंटचं काम वेगळ्या थ्रेडमध्ये (खिडकीच्या कामाला समांतर चालणाऱ्या धाग्यात) टाका आणि ते संपल्याचा निरोप आल्यावरच बटण चालू करा. मधली क्लिकं बंद बटणावर पडून वाया जातात. क्यूटमध्ये हा निरोप सिग्नलने येतो. टीकिंटरमध्ये थ्रेडमधून बटणाला हात लावू नका. रांगेत निरोप ठेवा आणि ‘आफ्टर’ने दर १०० मिलिसेकंदांनी ती बघा.