फॅक्टरीटॉक बॅच: जुनं बॅच सॉफ्टवेअर सोडून येणाऱ्यांसाठी

आधी निकाल: प्लांटमध्ये रॉकवेलच्या लॉजिक्स कुटुंबातला पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक नियंत्रक) असेल किंवा बसवायचा असेल, आणि सध्याचं सॉफ्टवेअर ओपनबॅच किंवा आरएसबॅच असेल, तर रॉकवेलचं फॅक्टरीटॉक बॅच (रेसिपीप्रमाणे एकेक घाणा, म्हणजे बॅच, करून घेणारं सॉफ्टवेअर) डोळस तयारीने घ्यावं. हे त्याच घराण्यातलं आहे. युनिट (टाकीसारखं एक उपकरण), युनिट क्लास (एकसारख्या युनिटांचा गट), फेज (माल मोजून टाकण्यासारखी एक पायरी), बाइंडिंग (बॅचला युनिट नेमून देणं), आर्बिट्रेशन (सामायिक उपकरण कोणी वापरायचं ते ठरवणं) हे शब्द जुन्या ऑपरेटरच्या तोंडात आधीपासूनच असतात. पण ही नुसती आवृत्ती बदलण्याची गोष्ट समजून वेळापत्रक आखलं, तर शटडाऊन हमखास लांबतो.

जुनं ठेवून चालेल का? विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. त्या काळातली बरीच लायसन्स फ्लॉपीवर किंवा पॅरलल पोर्टच्या डाँगलवर (संगणकाला लावायच्या लायसन्सच्या चावीवर) आहेत. हार्ड डिस्क गेली की नवीन मशीनवर ती हलवणंच अवघड. त्यात डीकॉमची (विंडोज संगणकांतल्या प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलू देणाऱ्या सोयीची) भर पडली. पीएलसीचा डेटा सॉफ्टवेअरला पोचवणारा जुना ओपीसी डीए दोन संगणकांमध्ये डीकॉमवर बोलतो, आणि मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०२३ च्या अपडेटपासून डीकॉमची कडक सुरक्षा बंद करण्याची सोयच काढून टाकली. एका बाजूला एक्सपी आणि दुसऱ्या बाजूला अपडेट केलेला सर्व्हर अशी जोडी म्हणून तुटते. ओपीसी टनेल (डीकॉम टाळून दुसऱ्या वाटेने डेटा नेणारं सॉफ्टवेअर) टाकून काही महिने निभावतं, पण तो तात्पुरता टेकूच.

रेसिपीच्या बाजूला हे सॉफ्टवेअर मजबूत आहे. आयएसए-८८ या बॅच नियंत्रणाच्या मानकातली प्रोसिजर, युनिट प्रोसिजर, ऑपरेशन, फेज ही उतरंड जशीच्या तशी वापरता येते. रेसिपी एक्सएमएलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये ठेवता येते, त्यामुळे दोन आवृत्त्यांची तुलना करणं सोपं होतं. आणलेली प्रत्येक रेसिपी नव्या एरिया मॉडेलवर (सॉफ्टवेअरमधल्या प्लांटच्या आराखड्यावर) तपासून घ्यायची आणि मगच उत्पादनासाठी रिलीज करायची. रिलीजची खूण राहिली तर ती बॅच लावताना यादीत दिसतच नाही, आणि रेसिपी गायब झाली म्हणून आरडाओरडा होतो.

खरं काम पीएलसीत आहे. जुन्या पद्धतीत फेजच्या अवस्था शिडी-लॉजिकमध्ये (पीएलसीच्या शिडीसारख्या दिसणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) रजिस्टर हलवून हाताने सांभाळलेल्या असतात. लॉजिक्समध्ये फेजमॅनेजर ते काम स्वतः करतो: रनिंग, होल्डिंग, रिस्टार्टिंग, स्टॉपिंग, अबॉर्टिंग यांना प्रत्येकी वेगळं रूटीन (प्रोग्रॅमचा तुकडा). आम्हाला ही रचना मनापासून आवडते, कारण होल्डचं लॉजिक रनच्या लॉजिकमध्ये मिसळत नाही. मात्र प्रत्येक रूटीनच्या शेवटी पीएससी ही, अवस्था पूर्ण झाली असं सांगणारी, सूचना हवीच. होल्डिंगमध्ये ती विसरली तर झडपा बंद होतात, पंप थांबतो, सगळं ठीक दिसतं, पण फेज होल्डिंगमध्येच अडकतो. हेल्ड (पूर्ण थांबलेला) होत नाही, म्हणून रिस्टार्ट स्वीकारला जात नाही. ऑपरेटरकडे स्टॉप किंवा अबॉर्ट एवढेच मार्ग उरतात. पॅरामीटर मागवणाऱ्या पीएक्सआरक्यू सूचनेचंही तसंच. तिचा पीसी बिट (काम पूर्ण झाल्याची खूण) लागेपर्यंत डोसिंग सुरू करायचं नाही, नाहीतर मागच्या बॅचचाच सेटपॉइंट (ठरवलेला आकडा) वापरला जातो.

सगळ्यात धोकादायक चुका आकड्यांत लपलेल्या असतात. १६-बिट पूर्णांकात ३२७६७ च्या पुढे जाता येत नाही, म्हणून जुन्या पीएलसीत वजन बऱ्याचदा दहापट करून ठेवलेलं असतं: १२५०.५ किलो म्हणजे १२५०५. नव्या रिअल टॅगला (पीएलसीतल्या दशांश आकडा ठेवणाऱ्या कप्प्याला) तोच आकडा तसाच गेला तर दहापट माल मागितला जातो. स्केलिंग रेसिपीत आहे, सर्व्हरमध्ये की पीएलसीत, हे प्रत्येक पॅरामीटरसाठी कागदावर लिहून घ्या. एन्युमरेशनचीही (नावांच्या क्रमांकित यादीचीही) तीच कथा. पडद्यावर मालाचं नाव दिसतं, पीएलसीला जातो क्रमांक. नव्या मॉडेलमध्ये यादीचा क्रम बदलला तर नाव बरोबर आणि झडप चुकीची उघडते.

टोटलायझर (गेलेल्या मालाची बेरीज) रिअलमध्ये ठेवण्याआधीही विचार करा. ३२-बिट रिअलला साधारण सात सार्थ अंक मिळतात. एकूण बेरीज १,००,००० किलोवर असताना सर्वांत लहान पायरी ०.००७८ किलोची असते. दर स्कॅनला (पीएलसी प्रोग्रॅमच्या प्रत्येक फेरीला) ०.००३ किलो मिळवत गेलात तर बेरीज जागची हलतच नाही. बॅचपुरता टोटलायझर शून्यापासून सुरू करा आणि एकूण बेरीज वेगळी ठेवा.

बदल एकेक युनिटने करावा असं वाटतं, आणि इथे हे सॉफ्टवेअर मदतीला येत नाही. सीआयपी स्किड (उपकरणं जागेवरच धुणारा संच) किंवा सामायिक हेडर (अनेक युनिटांना जोडणारी मुख्य नळी) जुन्या आणि नव्या अशा दोन्ही सर्व्हरच्या ताब्यात असेल, तर एकाचं आर्बिट्रेशन दुसऱ्याला कळत नाही. दोघेही त्याला मोकळं समजतात. त्यासाठी पीएलसीमध्येच मालकीचा एक टॅग ठेवावा: शून्य असेल तरच घ्यायचा, काम संपल्यावर, आणि अबॉर्टच्या रूटीनमध्येही, सोडायचा. हे जमत नसेल तर तो हेडर वापरणारी सगळी युनिटं एकदमच बदला.

सोबत मिळणारा सिम्युलेटर मात्र खरोखर उपयोगी आहे. पीएलसीला हात न लावता रेसिपीचा प्रवाह, संक्रमणाच्या अटी आणि बाइंडिंग तपासता येतं. तो झडपा आणि लोड सेल (वजन मोजणारे सेन्सर) तपासत नाही. त्यामुळे त्यानंतर मालाऐवजी पाण्याची बॅच, आणि त्या बॅचमध्ये प्रत्येक फेजला मुद्दाम एकदा होल्ड, एकदा अबॉर्ट द्यायचा. सर्व्हर चालू बॅचच्या मध्ये बंद करूनही पाहा. कोल्ड स्टार्टवर (आधीच्या बॅच विसरून सुरू होण्यावर) सेटिंग राहिलं असेल तर बॅचची यादी रिकामी येते आणि रिअॅक्टरमध्ये माल तसाच असतो. वॉर्म स्टार्ट (आधीच्या बॅच लक्षात ठेवून सुरू होणं) निवडला आहे ना, हे उत्पादनाआधी बघायचं.

नोंदींच्या बाबतीत नवीन बॅचचा इव्हेंट जर्नल (घडामोडींची नोंदवही) आर्काइव्हरमार्फत एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये जातो, आणि अहवाल काढायला ते सोयीचं आहे. जुन्या नोंदी त्यात ओतण्याचा हट्ट धरू नका. औषधनिर्मितीत अमेरिकेचा २१ सीएफआर भाग ११ (इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांचा नियम) लागू असेल तर मूळ नोंद तिच्या ऑडिट ट्रेलसह (कोणी, कधी, काय बदललं याच्या नोंदीसह) वाचता आली पाहिजे. जुन्या सर्व्हरची आभासी मशीन प्रत करा, नेटवर्कपासून तोडा, लायसन्ससह चालते का हे जुना सर्व्हर बंद करण्याआधी पाहा, आणि तिच्यातून एक जुना बॅच अहवाल प्रत्यक्ष छापून मूळ कागदाशी ओळ न् ओळ ताडून घ्या.