नारा : मार्गदर्शकासोबत दिवसभराची पायी सहल

क्योतोहून रेल्वेने साधारण पाऊण तासात नारा गाठता येते, त्यामुळे अनेक सहलींत हे शहर अर्ध्या दिवसात उरकले जाते आणि प्रवासी हरणांसोबत छायाचित्रे काढून परततात. आठव्या शतकात जपानची राजधानी असलेल्या नगरीला एवढा वेळ फारच अपुरा आहे. आम्ही मात्र स्थानिक मार्गदर्शक बाईंसोबत दिवसभर पायी हिंडलो आणि ही सेवा पैसे व श्रम दोन्ही सार्थकी लावणारी ठरली.

सर्वाधिक वेळ बाईंनी तोदाइजी या बौद्ध मंदिराला दिला, हे फार उत्तम केले. नान्दाइमोन या महाद्वारातील उनकेई, काईकेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२०३ मध्ये घडवलेले द्वारपाल त्यांनी दोन्ही बाजूंनी निरखायला लावले. असंख्य लाकडी तुकडे सांधून उभारलेल्या, आठ मीटरहून उंच अशा त्या मूर्तींच्या दंडावरील फुगलेल्या शिरा खालूनही स्पष्ट दिसतात. आत सुमारे पंधरा मीटर उंचीची कांस्य बुद्धमूर्ती आहे. आगी आणि भूकंपांमुळे तिचे मस्तक पुढे नव्याने ओतावे लागले, परंतु आसनाच्या काही कमळपाकळ्या मूळच्या असून त्यांवर बारीक रेषांत बुद्ध कोरलेले आहेत. ७५२ मध्ये या मूर्तीचे नेत्रोन्मीलन, म्हणजे कुंचल्याने डोळे रेखण्याचा विधी, भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूंच्या हस्ते झाले; त्यांच्या कुंचल्याला बांधलेले लांब दोर जमलेल्या लोकांनी हाती धरले होते, जेणेकरून त्या पुण्यकर्मात सर्वांचा सहभाग व्हावा. हा प्रसंग मूर्तीसमोर उभे राहून ऐकताना मला खरोखर भरून आले.

कासुगा देवस्थानात दगडी व धातूचे सुमारे तीन हजार दीप आहेत. ते वर्षातून मोजक्या रात्रीच उजळतात, म्हणून तेथील अंधाऱ्या दालनात तेवत ठेवलेले दीप तिकीट काढून अवश्य पाहावेत. कोफुकुजी या बौद्ध मंदिराचा पाच मजली पॅगोडा दुरुस्तीसाठी झाकलेला असला तरी संग्रहालयातील ७३४ मधील त्रिमुखी, षड्भुज असुरमूर्ती ती उणीव भरून काढते.

हरणांना तेथे विकत मिळणाऱ्या बिस्किटांखेरीज काहीही देऊ नये. शाकाहारी मंडळींनी जेवणाची व्यवस्था आधीच सांगून ठेवावी, कारण भाज्यांच्या रस्सा-सूपातही बहुधा माशांचा अर्क असतो. आमच्या सहलीत ही सूचना आयत्या वेळी मिळाली, एवढीच त्रुटी.