कॉलनीच्या चौकात ‘थांबा’ फलक की गतिरोधक?

चौकात दोन दुचाकी भिडल्या, कुणाचा गुडघा फुटला, की त्याच संध्याकाळी कट्ट्यावर दोन गट पडतात. एक म्हणतो गतिरोधक घाला, दुसरा म्हणतो ‘थांबा’चा फलक लावा. कोल्हापुरात राजारामपुरीच्या जुन्या गल्ल्या असोत नाहीतर कळंब्याकडच्या नव्या कॉलन्या, वाद हाच. अर्जावर सह्या घ्यायच्या आधी एवढं ठरवा: आपल्या चौकाचा त्रास वेगाचा आहे की न दिसण्याचा? फलक आणि गतिरोधक ही एकाच दुखण्यावरची दोन औषधं नव्हेत.

लाल अष्टकोनी फलक फक्त एवढंच ठरवतो, की या तोंडाशी कुणी थांबायचं. मोठ्या रस्त्यानं सुसाट येणाऱ्याला तो काहीच करत नाही. अमेरिकेत चौकाच्या चारी बाजूंना असे फलक सर्रास असतात, म्हणून आपल्याकडंही तशी मागणी होते. पण तिथल्या वाहतूक-चिन्हांच्या नियमावलीतच स्पष्ट म्हटलंय, की वेग कमी करायला हा फलक वापरू नये. तिच्या 2009 च्या आवृत्तीत चारी बाजूंच्या फलकांसाठी जे निकष होते, त्यातला एक असा: अशा फलकांनी टळले असते असे किमान 5 अपघात 12 महिन्यांत नोंदलेले असावेत. शिवाय तिथं ‘आधी आला तो आधी गेला’ हे लोकांच्या अंगवळणी पडलंय. आपला नियम वेगळा आहे. मुख्य रस्त्यावरच्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं, आणि दोन्ही रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला. बरोबरीच्या दोन गल्ल्यांच्या चौकात चार फलक ठोकले, तर आठवड्यात सगळे न थांबताच जायला लागतील. आणि ‘फलक आहे, थांबतील’ या भरवशावर रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाईंचा जीव आधीपेक्षा जास्त धोक्यात येईल. मला सगळ्यात मोठी काळजी हीच वाटते.

गतिरोधक मात्र वेग खरंच कमी करतो. फक्त तो धड हवा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मधोमध 10 सेंटीमीटर उंच असतो. ताशी 25 किलोमीटरनं गाडी त्यावरून नीट जाते. आपल्या गल्लीत रातोरात पडतो तो हातभर रुंदीचा, वीतभर उंचीचा उंचवटा. गाडीचं बूड घासतं, मणक्याच्या दुखण्याचा माणूस कळवळतो, पावसाळ्यात मागं पाणी साचतं. वर पांढरे पट्टे नसले, तर अंधारात दुचाकीवाला उडतोच. शेजारच्या घराला दिवसरात्र खडखडाट, तो वेगळाच.

दोन्हींच्या आधी कोपरा बघा. छोट्या रस्त्यावर चौकापासून दहा-पंधरा पावलं मागं दुचाकीवर बसा आणि दोन्हीकडं नजर टाका. ताशी 30 किलोमीटरनं येणाऱ्याला थांबायला 30 मीटर, 40 नं येणाऱ्याला 45 मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा, असा रोड्स काँग्रेसचा हिशेब आहे. टेप लावून मोजा. बहुतेक ठिकाणी आड येतं ते असं: कंपाउंडवरून रस्त्यावर झुकलेली बोगनवेल, अगदी वळणावर लावलेली चारचाकी, वाढदिवसाचा फ्लेक्स. सकाळी शाळेच्या वेळी बघा, रात्रीही बघा. वेल छाटली, कोपऱ्यावरचं पार्किंग बंद केलं, फ्लेक्स उतरवला, तर कित्येक चौकांना फलकाची गरजच उरत नाही. यात पैसे फारसे जात नाहीत. शेजाऱ्याशी वाईटपणा येतो, आणि म्हणूनच हे काम मागं पडतं.

एवढं करूनही आड येणारी गोष्ट हलवता येत नसेल, म्हणजे जुन्या घराची भिंतच कोपऱ्यावर असेल किंवा विजेची डीपी असेल, आणि चाक तोंडाशी नेल्याशिवाय काही दिसत नसेल, तर ‘थांबा’ फलक हाच बरोबर उपाय. तो फक्त छोट्या रस्त्याला, खाली जाड पांढऱ्या रेषेसह. मागूनच दिसत असेल, पण कुणाची पाळी यावरून गोंधळ होत असेल, तर रस्ता द्या सांगणारा उलटा त्रिकोण पुरतो. दिसतंय सगळं, तरी मोठ्या रस्त्यावरून पोरं गाड्या पळवतात, असं असेल तर गतिरोधक मागा, तोही पळवतात त्याच रस्त्यावर, चौकाच्या अलीकडं. चौकाच्या मधोमध छोटं सर्कल कागदावर छान दिसतं, पण अरुंद रस्त्यात कचऱ्याचा टिपर आणि पाण्याचा टँकर त्याला वळसा घालू शकत नाहीत.

मंडळानं वर्गणी काढून स्वतः फलक उभारू नये. तो अधिकार प्रशासनाचा आहे. अर्ज महापालिकेच्या विभागीय कार्यालयात द्या आणि एक प्रत शहर वाहतूक शाखेला. सोबत कोपऱ्याचा दुचाकीस्वाराच्या नजरेतून काढलेला फोटो, टेपनं मोजलेलं अंतर आणि झालेल्या अपघातांच्या तारखा जोडा. फलक मंजूर झाला, तर गणपतीचा मांडव कुठं पडतो तेही अधिकाऱ्यांना जागेवर दाखवा, नाहीतर ऐन गर्दीच्या दिवसांत तो कापडामागं जाईल.