पीएम किसान आणि नमो शेतकरी: पैसा खरा, तारीख बेभरवशाची

दोन्ही योजनांचा अनुभव एकत्रच लिहितो, कारण पैसे एकाच खात्यात येतात आणि घरात कोणी ते वेगळे मोजत नाही. पीएम किसान म्हणजे केंद्राचे वर्षाला ६,००० रुपये, २०१९ पासून; नमो शेतकरी म्हणजे राज्याचे ६,००० रुपये, २०२३ पासून. दोन्हींचे दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. म्हणजे वर्षाला १२,०००, महिन्याचे हजार. एवढ्यानं शेतकऱ्याचं काय होतं, असं पुष्कळ जण विचारतात. होतं, पण कधी येतात त्यावर.

आमची चार एकर कोरडवाहू, वाशिम जिल्ह्यात. सोयाबीन-तूर, कडेला थोडी कपाशी, जमिनीत ओल राहिली तर हरभरा. सातबारा आईच्या नावावर, कसतो मी. आईचे हप्ते सुरुवातीला आले आणि मध्येच बंद पडले. सातबाऱ्यावर नावापुढे ‘बाई’, आधारवर ‘ताई’, त्यात लँड सीडिंगची, म्हणजे जमिनीची नोंद योजनेच्या पोर्टलला जोडण्याची अट आली आणि पोर्टलवर लाल अक्षरात ‘नाही’ दिसायला लागलं. तलाठी म्हणे कृषी खात्याकडं जा, कृषीवाले म्हणत तहसीलला जा. ते कसं निस्तरलं हे सांगत बसलो तर लेख तिथंच संपेल. २८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळमधून पीएम किसानचा १६वा आणि नमोचे दुसरा-तिसरा असे हप्ते एकदम सुटले, तेव्हा आईच्या खात्यात सहा हजार आले. तिथून पुढचा हा अनुभव.

खरी परीक्षा जूनला. २०२४ चा १७वा हप्ता १८ जूनला आला. पेरणी तोंडावर, घरात रोकड नाही, असा तो आठवडा असतो. दोन हजारांत काय येतं? डीएपी खताची एक बॅग १,३५० ची आणि युरियाच्या दोन, प्रत्येकी २६६ रुपये ५० पैसे. संपला हप्ता. चार एकराला हे काहीच नाही, पण या तीन बॅगा उधारीत लिहिल्या गेल्या नाहीत. उधारी म्हणजे नुसते पैसे नंतर देणं नव्हे. वहीत भाव चढा लागतो आणि माल निघाला की दुकानदार सांगेल त्याच अडत्याकडं न्यावा लागतो. शिवाय लिंकिंग असतंच. डीएपी पाहिजे तर सोबत झिंक घ्या, नाहीतर कुठल्यातरी टॉनिकची बाटली घ्या. उधारीवाल्याला तिथं तोंड नसतं.

त्या वर्षी आई स्वतः माझ्यासोबत कृषी केंद्रात आली होती. दुकानदारानं सवयीनं बाटली काउंटरवर ठेवली. म्हणाला, “काकू, हे घ्या लागते सोबत.” आईनं पिशवीतून पासबुकाच्या प्लास्टिकमधल्या नोटा काढल्या, मोजून समोर ठेवल्या आणि म्हणाली, “नगदी देऊन राहिली ना मी? मंग बिल डीएपीचंच फाड.” त्यानं बाटली उचलून ठेवली. दर वेळी असं चालत नाही, टंचाई असली की नगदीवाल्यालाही बाटली घ्यावीच लागते. पण वहीत नाव असताना आई हे बोलूच शकली नसती.

ऑक्टोबरचा अनुभव सगळ्यांत चांगला. ५ ऑक्टोबर २०२४ ला, वाशिमच्या कार्यक्रमातून, दोन्ही योजनांचे मिळून चार हजार आले. सोयाबीन सोंगणीला आलेलं, मजूर मिळत नव्हते. चार हजारांत चार एकर सोंगून होत नाही, पण इसार देता आला आणि टोळी आमच्या वावरात आधी उतरली. गंजी वेळेत लागली. पुढं मळणी झाल्यावर ओला माल लगेच बाजारात नेला नाही. हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. माल वाळवून हमीभाव केंद्रावर नंबर लावला. थांबणं एकट्या हप्त्यामुळं जमलं असं म्हणणार नाही, बचत गटाचं छोटं कर्जही होतं. पण आधी दिवाळीच्या किराण्यासाठी पाच-सहा कट्टे पडेल त्या भावानं जायचे, ते गेले नाहीत.

आता दुसरी बाजू. २०२५ चा २०वा हप्ता जूनमध्ये येणार असं सगळे धरून बसले होते. तो २ ऑगस्टला आला. तेव्हा सोयाबीन फुलावर यायला लागलेलं असतं आणि खताचे पैसे वहीत लिहून झालेले असतात. तोच हप्ता, तेवढीच रक्कम, पण तो थेट दुकानदाराच्या जुन्या बाकीत गेला आणि आम्ही परत वहीत. नियमाप्रमाणे एप्रिल ते जुलै हा पहिल्या हप्त्याचा काळ आहे. हप्ता पेरणीआधी यायला हवा हे कळायला कृषितज्ज्ञ लागत नाही. इथं कार्यक्रमाची तारीख आधी ठरते आणि पेरणी तिच्या नशिबावर सोडली जाते. पुढं सप्टेंबरात अतिवृष्टीनं विदर्भ-मराठवाड्यात पिकं पाण्यात गेली. पंजाब, हिमाचल, उत्तराखंडच्या शेतकऱ्यांना २१वा हप्ता त्याच महिन्यात आगाऊ मिळाला, आम्हाला १९ नोव्हेंबरला. राज्याची नुकसानभरपाई वेगळी, तिच्याबद्दल वेगळंच लिहावं लागेल.

घरात काय बदललं, हे आकड्यात सांगणं अवघड आहे. आईची बीपीची गोळी संपली की ती आधी दोन-चार दिवस तशीच काढायची, मग कुणाच्या तरी तोंडून मला कळायचं. आता परस्पर घेऊन येते. गटाची महिन्याची बचत माझ्याकडं मागत नाही. मधल्या काळात बायकोला शिलाई मशीनची मोटर लागत होती, ती आईनं दिली, मला विचारलंसुद्धा नाही. पैसा सातबाऱ्यावाल्या बाईच्या खात्यात येतो, याचा एवढा परिणाम होईल असं आधी वाटलं नव्हतं. दारूत जाईल, उधळतील, असं बोलणाऱ्यांनी आमच्या गल्लीतल्या बायकांची पासबुकं बघावीत.

पैसे काढणं मात्र अजून तापदायक आहे. बँकेची शाखा लांब, म्हणून गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा. निंदण-खुरपणात आयुष्य गेलेल्या बाईचा अंगठा मशीनला वाचता येत नाही. आई तो पदराला पुसते, तळहातावर चोळते, परत ठेवते, मशीन परत लाल दिवा दाखवते. मग दुसरं बोट, मग दुसरा हात. केंद्रवाला हजारामागं काहीतरी कापूनच देतो आणि पावती मागितली तर प्रिंटरचा कागद संपलेला असतो. ई-केवायसीसाठी २०२३ पासून ॲपवर चेहरा दाखवायची सोय झाली, ती चांगली चालते. पैसे काढतानाही गावोगाव तशी सोय पाहिजे.

रकमेबद्दल एकच. केंद्राचे ६,००० हे २०१९ मध्येही ६,००० होते. कपाशीच्या बियाण्याचं पाकीट २०२४ ला ८६४ ला होतं, २०२५ ला ९०१ ला झालं. मजुरी तर विचारूच नका.

आणि योजनेतलं सगळ्यांत मोठं भोक: आमच्या धुऱ्यापलीकडचं वावर गावातलाच एक जण बटईनं करतो. बियाणं, खत, राबणं त्याचं. सातबारा मालकाच्या नावावर, मालक शहरात. हप्ता मालकाच्या खात्यात. ज्याला जूनमध्ये दोन हजारांची खरी गरज, त्याचं नाव यादीत असूच शकत नाही, कारण योजना कसणाऱ्याला नाही, जमीनधारकाला आहे. शेतमजुराचं तर नावच नाही.

ज्यांचे हप्ते अडकलेत त्यांनी आधी पोर्टलवर तीन गोष्टी बघा: ई-केवायसी, लँड सीडिंग, आधार-बँक सीडिंग. तिन्हींसमोर ‘होय’ पाहिजे. सगळं ‘होय’ असून पैसे दिसत नसतील तर दुसऱ्या बँकेत बघा. आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं त्यात पैसे जातात. आमच्या शेजाऱ्याचे हप्ते सिम घेताना उघडून दिलेल्या खात्यात पडून होते, त्याला खातं आहे हेच माहीत नव्हतं. फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक काढला नसेल तर काढून घ्या. आणि हप्त्याच्या आसपास व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके, म्हणजे मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल फिरते, ती कुणी पाठवली तरी उघडू नका, खातं रिकामं करतात.