घरचं सक्शन मशीन : आठ महिने रोज वापरल्यावर

आमच्या मुलीला जन्मापासून सबग्लॉटिक स्टेनोसिस आहे. स्वरयंत्राच्या जरा खाली एक कूर्चा अंगठीसारखी पूर्ण गोल असते, तिथेच हिची श्वासाची वाट अरुंद. पूर्ण दिवसांच्या बाळात ही वाट ४ मिमीपेक्षा कमी भरली की अरुंद धरतात. तिसऱ्या महिन्यात ट्रॅकिऑस्टॉमी झाली, म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी (ट्यूब) बसवली, आणि तिच्यासोबत नळीतला कफ ओढणारं हे मशीन घरात आलं.

ओढतं छान. आम्हाला ८० ते १०० दाब सांगितलाय, काटा तिथून हलत नाही. आवाज मात्र मिक्सरला लाजवेल असा. रात्री दोनला लावलं की वरच्या मजल्यावर दिवा लागायचा. हल्ली लागत नाही, सवय झाली असावी.

बॅटरीचं काय सांगू! खोक्यावर लिहिलेल्या वेळेच्या निम्मीही टिकत नाही. जुलैत एका रात्री लाइट गेली, बॅटरीही बसली, आणि नळीत घरघर सुरू. सासूबाईंनी टॉर्च धरला, मी पायाने फूटपंप दाबत कफ काढला. तो पंप वॉर्डातल्या सिस्टरने आग्रह करून घ्यायला लावला होता. मशीन कुठलंही घ्या, पण पंप आधी घ्या.

कॅथेटरचा, म्हणजे कफ ओढायला ट्यूबच्या आत घालायच्या बारीक नळीचा, घोळ वेगळाच. ३.० च्या ट्यूबला ६ नंबर लागतो, ट्यूबच्या आकड्याच्या दुप्पट (दोन्हींची मापं वेगळी, ६ नंबर ट्यूबपेक्षा बारीकच). मेडिकलवाला ८ पुढे करतो, "एकच नंबर मोठा, चालतंय की ताई." नाही चालत. ८ ने नळी जवळजवळ भरून जाते, मग बाळाने श्वास घ्यायचा कुठून? किती आत घालायचं तेही मोजूनच. कॅथेटरचा एक तुकडा त्या मापाला कापून आम्ही फ्रिजवर चिकटवलाय. सक्शन कोणीही करो, आधी त्याच्याशी माप जुळवायचं. आत-बाहेर मिळून पाच-दहा सेकंद, बस.

एका गोष्टीची मनाची तयारी नव्हती. हिच्या रडण्याला आवाज नाही. हवा स्वरतंतूंच्या खालूनच बाहेर पडते, त्यामुळे तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, चेहरा लाल, आणि खोलीत शांतता. स्वयंपाकघरात मला कळणार कसं? शेवटी आईने घुंगरांचे वाळे आणले. पाय झाडले की मी पोळी तव्यावर सोडून पळते. रात्री अर्थात रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर असतो.

दोन महिन्यांपूर्वी ट्यूब ३.५ झाली. अडीनडीच्या पिशवीत तेवढीच एक जादा, एक लहान ३.० ची (सुजेमुळे नेहमीची गेली नाही तर), ट्यूब गळ्याशी बांधायची फीत आणि कात्री. पिशवी दाराच्या खुंटीवरच. फीत बांधताना एक बोट आत गेलं पाहिजे.

पुढच्या महिन्यात पुन्हा दुर्बीण घालून बघणार आहेत. मग बरगडीची कूर्चा लावून वाट रुंद करायची की थांबायचं, ते ठरेल. वॉर्डातल्या एका आईने कालच विचारलं, मशीन विकणार का. म्हटलं, अजून लागतंय. झालं की तसंच देईन, बॅटरी बदलून, पंपासकट.